डेरिव्हेटिव्ह बरोबर, तरी स्पर्शिकेचं उत्तर जुळत नाही: बिघाड शोधायचा कुठे?

बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांचा धडा सुरू झाला की आमच्या लातूर-उदगीर पट्ट्यातल्या पोरांची एक तक्रार ठरलेली. "सर, डेरिव्हेटिव्ह तर बरोबर यायलंय, पण उत्तर जुळंना गेलंय." वही उघडून बघावी तर पोरगं खरंच बोलत असतं. डेरिव्हेटिव्ह बरोबरच असतं. चूक असते त्याच्या आधीच्या ओळीत, नाहीतर नंतरच्या. आणि पोरगं मात्र डेरिव्हेटिव्हच पुन्हा पुन्हा काढत बसलेलं, सूत्रांचा कागद खालीवर करत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

उत्तर कसं चुकलंय ते नीट बघितलं तर ते कुठं चुकलंय हे बहुतेक वेळा तिथंच कळतं. म्हणून खाली लक्षणावरून सुरुवात केली आहे. तुमचं लक्षण ज्या भागात असेल तो आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

लिहिण्याची पद्धत एवढीच: वहीत तुम्ही एक्स आणि वाय लिहिता तिथे इथे क्ष आणि य आहे, आणि वाय डॅश, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, इथे य′. स्पर्शिका आणि रेषेचा चढ हे दोन्ही तुम्ही दहावीच्या भूमितीत केलेलं आहे, तेच शब्द ठेवले आहेत.

आधी कच्च्या कामातली एक ओळ

स्पर्शिकेचं समीकरण लिहायला तीनच आकडे लागतात. रेषा वक्राला जिथे टेकते त्या बिंदूचा क्ष, त्याच बिंदूचा य, आणि तिथला चढ. हे तिन्ही तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात. क्ष प्रश्नात दिलेला असतो किंवा शोधावा लागतो. य मूळ समीकरणातून काढायचा. चढ डेरिव्हेटिव्हमधून काढायचा. मग रेषा लिहायची: य वजा बिंदूचा य बरोबर चढ गुणिले (क्ष वजा बिंदूचा क्ष).

पानाच्या कडेला "क्ष = …, य = …, चढ = …" अशी ओळ लिहा आणि तिन्हींसमोर आकडे आल्याशिवाय पुढे सरकू नका. आकडा, अक्षर नव्हे. पोरांना ही ओळ म्हणजे वेळ घालवणं वाटतं. माझं मत उलटं आहे: खाली जे बिघाड सांगितले आहेत त्यातले बरेचसे ही ओळ लिहितानाच पकडले जातात, कारण एखादा आकडा कुठून आणायचा हे सुचत नाही आणि हात थांबतो. हात थांबला की समजायचं, प्रश्न अजून नीट वाचलेला नाही.

उत्तरात क्ष² उरतोय

वक्र आहे य = क्ष² − ३क्ष + ५ आणि बिंदू (२, ३). य′ = २क्ष − ३, इथपर्यंत कुणाचं चुकत नाही. पुढची ओळ अशी येते:

य − ३ = (२क्ष − ३)(क्ष − २)

सोडवून य = २क्ष² − ७क्ष + ९. हे रेषेचं समीकरण नाहीच, हा दुसराच पॅराबोला झाला. य′ हे चढाचं सूत्र आहे, प्रत्येक बिंदूला वेगळा चढ देणारं. आपल्याला हवा आहे क्ष = २ पाशी असलेला एकच चढ: २ × २ − ३ = १. मग य − ३ = १ × (क्ष − २), म्हणजे य = क्ष + १.

यात फसवणूक अशी की चुकीच्या उत्तरात (२, ३) टाकला तर तो बसतो. ८ − १४ + ९ = ३. "सर, बिंदू टाकून बघितला, बसायलाय की!" बसणारच. त्या मांडणीत क्ष = २ ठेवला की उजवी बाजू शून्य होते, मग चढाच्या जागी काहीही लिहिलेलं असो. १७ लिहा, उणे १०० लिहा, बिंदू बसेल. म्हणजे नुसता बिंदू टाकून केलेला ताळा हा चढाचा ताळा होत नाही.

खरा ताळा वेगळा आहे. वक्रातून रेषा वजा करा:

(क्ष² − ३क्ष + ५) − (क्ष + १) = क्ष² − ४क्ष + ४ = (क्ष − २)²

क्ष − २ हा अवयव दोनदा आला पाहिजे. एकदा येतो कारण रेषा आणि वक्र त्या बिंदूत भेटतात. दुसऱ्यांदा येतो कारण तिथे दोघांचा चढही सारखा असतो. समजा चुकून चढ २ धरला आणि रेषा आली य = २क्ष − १. वजाबाकी होते क्ष² − ५क्ष + ६ = (क्ष − २)(क्ष − ३). क्ष − २ एकदाच आला, म्हणजे ही रेषा वक्राला टेकत नाही, कापून जाते. बहुपदी असेल तिथे हा ताळा एका मिनिटात होतो आणि तो खोटं बोलत नाही. साइन, लॉग असलं काही असेल तर अवयव पडत नाहीत. तिथे काय करायचं ते पुढे येतं.

रेषा वर किंवा खाली सरकलेली येते

चढ बरोबर, पण शेवटचा स्थिर आकडा चुकलेला. हे लक्षण दिसलं की य कुठून आणला ते तपासा. य = क्ष³ + २क्ष, क्ष = १ पाशी स्पर्शिका काढा. प्रश्नात य दिलेलाच नाही. य′ = ३क्ष² + २, त्यात १ टाकला, ५ आले. आणि मग तोच ५ बिंदूचा य म्हणूनही वापरला जातो: (१, ५), चढ ५, रेषा य = ५क्ष. खरा य मूळ समीकरणातून: १ + २ = ३. बिंदू (१, ३), चढ ५, रेषा य = ५क्ष − २.

हा गोंधळ गणिताच्या वहीत होतो, पण पावसाळ्यात पेपर वाचताना आपल्यापैकी कुणाचाच होत नाही. जायकवाडीची बातमी आठवा. साठा अमुक टक्के आणि आवक अमुक क्युसेक, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. पैठणला साठा तळाशी असतानाही वरून नाशिक-नगरकडून जोरात पाणी येत असू शकतं, आणि धरण काठोकाठ भरलेलं असताना आवक शून्य असू शकते. एकावरून दुसरा आकडा सांगता येत नाही. साठा म्हणजे मूळ फलन. तो किती वेगानं वाढतोय, म्हणजे आवक वजा बाहेर जाणारं पाणी, ते त्याचं डेरिव्हेटिव्ह. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. म्हणून ११,५७४ क्युसेकनं अख्खा दिवस पाणी येत राहिलं तर साठ्यात साधारण एक टीएमसीची भर पडते. दोन्हींची एककंसुद्धा वेगळी आहेत, टीएमसीच्या जागी क्युसेक लिहिलेला कुणी खपवून घेणार नाही. वहीत एककं नसतात म्हणून तेवढं खपून जातं.

तर सवय अशी लावा: य हवा असेल तेव्हा डोळे मूळ समीकरणावर, चढ हवा असेल तेव्हा य′ वर.

दिलेला बिंदू वक्रावर नसतोच

माझ्या मते या धड्यातली सगळ्यात महागडी चूक ही. महागडी अशासाठी की इथे सगळ्या पायऱ्या नीटनेटक्या दिसतात, खाडाखोड नसते, आत्मविश्वास पूर्ण असतो आणि उत्तर पूर्ण चुकलेलं असतं.

प्रश्न: य = क्ष² या वक्राच्या (१, −३) मधून जाणाऱ्या स्पर्शिका काढा.

पोरगं काय करतं? य′ = २क्ष, क्ष = १ टाकला, चढ २, रेषा य + ३ = २(क्ष − १), म्हणजे य = २क्ष − ५. आता ताळा घ्या. क्ष² − २क्ष + ५. या वर्गसमीकरणाचा विवेचक ४ − २० = −१६. वास्तव मूळच नाही, म्हणजे ही रेषा वक्राला टेकत नाही, कापतही नाही, कुठेच भेटत नाही. स्पर्शिका म्हणून लिहिलेली रेषा वक्राच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही.

बिघाड पहिल्याच पायरीत आहे. क्ष = १ ठेवला तर वक्रावरचा य येतो १, आणि प्रश्नातला आहे −३. (१, −३) वक्रावर नाही. तो वक्राच्या बाहेरून बघणारा बिंदू आहे, आणि त्याच्यातून निघालेली रेषा वक्राला दुसरीकडेच कुठे तरी टेकणार आहे. त्या टेकण्याच्या जागेचा क्ष आपल्याला माहीत नाही. मग त्याला अक्षर द्या.

टेकण्याचा बिंदू (अ, अ²) समजू. तिथला चढ २अ. ही रेषा (१, −३) मधून जायला हवी, म्हणून:

−३ − अ² = २अ(१ − अ)
−३ − अ² = २अ − २अ²
अ² − २अ − ३ = ०
(अ − ३)(अ + १) = ०

अ = ३ किंवा अ = −१. दोन जागा, म्हणून दोन स्पर्शिका. अ = ३ ला चढ ६, बिंदू (३, ९), रेषा य = ६क्ष − ९. अ = −१ ला चढ −२, बिंदू (−१, १), रेषा य = −२क्ष − १. दोन्हींत क्ष = १ टाका, −३ येतो. आणि वजाबाकीचा ताळा: क्ष² − ६क्ष + ९ = (क्ष − ३)², क्ष² + २क्ष + १ = (क्ष + १)². बसला.

इथे सगळ्यात जास्त अडखळणं होतं ते अ आणि क्ष यांच्यात. अ हा न सापडलेला पण ठरलेला आकडा आहे. क्ष हा रेषेवर फिरणारा. चढ २क्ष लिहिला की परत पहिल्या बिघाडात पडलात. म्हणून मी पोरांना सांगतो, अशा गणितात अ सापडेपर्यंत क्षचं नावच काढायचं नाही.

तोच वक्र घेऊन बिंदू (१, ४) दिला तर? समीकरण होतं अ² − २अ + ४ = ०, विवेचक −१२. एकही स्पर्शिका नाही. घाबरून पायऱ्या परत तपासू नका. चित्र काढा: (१, ४) हा पॅराबोलाच्या कुशीत, आतल्या बाजूला आहे. आतून निघालेली रेषा वक्राला टेकू शकत नाही, कापतेच. "अशी स्पर्शिका अस्तित्वात नाही" हे पूर्ण उत्तर आहे.

इंग्रजी प्रश्नपत्रिकेत "ॲट" लिहिलेलं असेल तर बिंदू वक्रावर असतो, "थ्रू" किंवा "फ्रॉम" असेल तर खात्री नाही. पण शब्दांवर विसंबण्यापेक्षा दिलेला बिंदू मूळ समीकरणात टाकून बघा. दहा सेकंदांचं काम आहे. प्रश्न कसाही लिहिलेला असो, पहिली पायरी हीच.

"सर, ही रेषा वक्राला दुसरीकडे पण कापायलीय, मग स्पर्शिका कशी?"

ही शंका हुशार पोरांना येते आणि मग ते बरोबर उत्तर खोडतात. दहावीला वर्तुळाची स्पर्शिका शिकलो ती "वर्तुळाला एकाच बिंदूत भेटणारी रेषा" अशी. वर्तुळापुरतं ते खरं आहे. बाकीच्या वक्रांना तो नियम लागू नाही.

वरचंच य = क्ष³ + २क्ष आणि स्पर्शिका य = ५क्ष − २ घ्या. वजाबाकी क्ष³ − ३क्ष + २ = (क्ष − १)²(क्ष + २). क्ष − १ दोनदा आला, म्हणजे क्ष = १ ला ती टेकते. आणि क्ष + २ आला, म्हणजे क्ष = −२ ला ती वक्राला पुन्हा भेटते, (−२, −१२) मध्ये. काही बिघडलेलं नाही. स्पर्शिका असणं ही त्या एका बिंदूजवळची गोष्ट आहे, पुढे जाऊन रेषा काय करते याच्याशी तिला देणंघेणं नाही.

उलट बाजूनंही बघा. य = क्ष² ला क्ष = १ ही उभी रेषा एकाच बिंदूत भेटते, आणि ती स्पर्शिका नाही. तेव्हा भेटीगाठी मोजून काही सिद्ध होत नाही.

डेरिव्हेटिव्हच चुकलंय का, हे कसं कळणार?

कधी कधी ते खरंच चुकलेलं असतं. बहुतेकदा साखळी नियमात, म्हणजे चेन रूलमध्ये. य = √(२क्ष + ७), क्ष = १ पाशी. य = ३. आतल्या २क्ष + ७ चं डेरिव्हेटिव्ह २ गुणायचं राहून गेलं तर चढ १/६ येतो. खरा चढ १/३.

सूत्र आठवत बसण्यापेक्षा क्षला थोडासा धक्का द्या. क्ष = १.०१ ठेवा. √९.०२ म्हणजे साधारण ३.००३३. य किती वाढला? ०.००३३. क्ष किती वाढला? ०.०१. भागाकार ०.३३. म्हणजे १/३ बरोबर, १/६ चूक. डेरिव्हेटिव्ह म्हणजे शेवटी हाच भागाकार, धक्का शून्याकडे नेल्यावर ज्या आकड्याकडे जातो तो. साइन, लॉग, घातांकी फलनं, जिथे अवयवांचा ताळा चालत नाही, तिथे हा धक्क्याचा ताळा चालतो. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो हे खरं, पण घरी सराव करताना फोनवर करायला कुणाची हरकत आहे?

फोनवर करताना एक खोडा ठरलेला. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, हे कोन रेडियनमध्ये असेल तेव्हाच. कॅल्क्युलेटर डिग्रीवर असेल तर क्ष = ० पाशी साइनचा चढ १ यायच्या ऐवजी ०.०१७४५ येतो. हा आकडा दिसला की ओळखायचं: पाय भागिले १८०. गणित ठीक आहे, बटण चुकीचं आहे.

गुणाकार नियमातली चूक, म्हणजे क्ष² साइन क्ष चं डेरिव्हेटिव्ह २क्ष कोसाइन क्ष लिहिणं, हीसुद्धा या धक्क्यानं लगेच उघडी पडते. दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि बघा.

य मोकळा होत नाही अशी समीकरणं

क्ष² + क्षय + य² = ७, बिंदू (१, २). आधी बिंदू टाका: १ + २ + ४ = ७, वक्रावर आहे. आता प्रत्येक पदाचं डेरिव्हेटिव्ह. क्षय हा गुणाकार आहे, त्याचे य + क्षय′ असे दोन तुकडे होतात. य² चं २य नव्हे, २यय′.

२क्ष + य + क्षय′ + २यय′ = ०

इथे पोरं य′ मोकळा करायला लागतात, मग भली मोठी अपूर्णांकाची ओळ, मग त्यात चिन्हाची चूक. गरज नाही. आत्ताच आकडे टाका: २ + २ + य′ + ४य′ = ०, म्हणून य′ = −४/५. रेषा ४क्ष + ५य = १४. य′ चं सामान्य सूत्र विचारलं असेल तरच ते काढा.

क्षय च्या दोन तुकड्यांतला नुसता य विसरला तर चढ −२/५ येतो, आणि तोही अगदी सभ्य दिसतो. सभ्य दिसणं हा काही ताळा नाही.

समांतर, लंब, नॉर्मल, आणि चढ शून्य आला की

हे भराभर सांगतो, यात खोल काही नाही, फक्त घाई असते.

"२क्ष − य + ५ = ० या रेषेला समांतर" म्हटलं की रेषेचा चढ आधी काढा. क्षचा सहगुणक उचलून चालत नाही; ३क्ष + २य = ७ चा चढ ३ नाही, −३/२ आहे. मग य′ ला त्या चढाएवढं ठेवा, य ला नाही. य = क्ष³ − क्ष + १ घेतलं तर ३क्ष² − १ = २, म्हणून क्ष = १ किंवा −१. उणे एक सोडू नका. दोन्ही ठिकाणी य = १, आणि रेषा य = २क्ष − १ व य = २क्ष + ३.

नॉर्मल म्हणजे त्याच बिंदूत स्पर्शिकेला लंब असलेली रेषा. तिचा चढ काढताना स्पर्शिकेच्या चढावर दोन गोष्टी करायच्या असतात, उलटवणं आणि चिन्ह बदलणं. एकच करून पुढे जाणारे पुष्कळ.

चढ शून्य आला तर स्पर्शिका आडवी असते, "स्पर्शिका नाही" असं नसतं. य = क्ष² − ४क्ष + १ ला (२, −३) पाशी स्पर्शिका य = −३. नॉर्मलसाठी −१/० लिहून अडकू नका, नॉर्मल उभी रेषा आहे: क्ष = २. याच्या उलट, क्षच्या घनमुळाचं डेरिव्हेटिव्ह क्ष = ० पाशी मिळत नाही, पण तिथे उभी स्पर्शिका आहे, क्ष = ० ही. आणि क्षच्या केवल मूल्याला शून्यापाशी स्पर्शिका नाहीच, तिथे कोपरा आहे. डावीकडून चढ −१ येतो, उजवीकडून १.

अकरावीचा "फर्स्ट प्रिन्सिपल" पुन्हा पुन्हा शून्य भागिले शून्य देतोय

फर्स्ट प्रिन्सिपल म्हणजे वरचाच धक्क्याचा भागाकार. धक्क्याला ह म्हणा. ह शून्य ठेवायची घाई झाली की शून्य भागिले शून्य होणारच. खालचा ह छाटला जाईपर्यंत थांबा. य = १/क्ष, क्ष = २ पाशी: वरची वजाबाकी १/(२ + ह) − १/२ = −ह / २(२ + ह). आता ह नं भागा, ह गेला, उरलं −१ / २(२ + ह). आता ह शून्याकडे न्या: −१/४. उणे चिन्ह हरवतं ते बहुधा वरच्या वजाबाकीत, कंस न लिहिल्यामुळे. चित्र आठवा, १/क्ष उजवीकडे जाताना उतरत जातो, चढ धन येऊच शकत नाही.

अगदी छोट्या काळातला बदल मोजण्याची ही कल्पना काही फक्त युरोपातून आलेली नाही, हेही जाता जाता. कन्नडच्या घाटापलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. खुद्द भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात ग्रहांची तात्कालिक गती काढताना ज्यांतला, म्हणजे आजच्या साइनमधला, लहानसा फरक कोज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात असतो हे वापरलं होतं. सहल गेली तर बघून या.

सीईटीत पर्यायांवरून

एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तिथे पूर्ण समीकरण लिहीत बसू नका. चढ काढा, चारही पर्यायांचे चढ नजरेनं बघा, जुळत नाहीत ते खोडा. उरलेल्यांत बिंदू टाका. दोन्ही चाळण्या लागतात: नुसता बिंदू टाकलात तर नॉर्मलचं समीकरणही बसतं, कारण नॉर्मल त्याच बिंदूतून जाते. वजा गुण नाहीत, तरी अंदाजानं खूण करण्याआधी एवढं तरी करा.

शेवटी एक गणित करून बघा. य = क्ष³ − ३क्ष या वक्राच्या (२, २) मधून जाणाऱ्या सगळ्या स्पर्शिका काढा, आणि त्या प्रत्येकीचा टेकण्याच्या बिंदूपाशी नॉर्मलही. बिंदू टाकून बघितलात तर तो वक्रावरच आहे, म्हणून य = ९क्ष − १६ लगेच येईल आणि ताळाही बसेल: (क्ष − २)²(क्ष + ४). इथे बरेच जण पेन खाली ठेवतात. पण टेकण्याचा बिंदू (अ, अ³ − ३अ) धरून केलंत तर अ³ − ३अ² + ४ = ० येतं, म्हणजे (अ − २)²(अ + १) = ०. अ = −१ पाशी टेकणारी आणखी एक स्पर्शिका आहे. ती य = २, आडवी, आणि तिचा नॉर्मल क्ष = −१. पहिलीचा नॉर्मल क्ष + ९य = २०.